दुखऱ्या हातांची छाननी

आधी कोणाला पाठवायचे, हे गल्लीतला फिजिओथेरपिस्ट सांगू शकतो

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांची बाजारपेठ हाताच्या बोटांवर उभी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कॅम्प नंबर ५ च्या गल्ल्यांत जीन्स शिवणारा कारागीर, त्याच जीन्सचे धागे घरी बसून तोडणारी त्याची बायको, फर्निचर बाजारातला सुतार आणि पॉलिशवाला, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत ग्राइंडर धरणारा फॅब्रिकेटर, बदलापूरच्या नव्या इमारतींत फरशी बसवणारा मिस्त्री, यांच्यापैकी बहुतेकांना बांधलेला पगार नाही. जेवढे नग तेवढी मजुरी. बोट वळले नाही की नग कमी, आणि नग कमी झाले की घरातला किराणा कमी. म्हणून सांधेदुखीचा विषय एरवी आरोग्याच्या सदरात जातो, तो आज व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

सांधेदुखीच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी गल्लत होते. सगळे दुखणे एकाच पोत्यात भरले जाते. कोणी त्याला वात म्हणतो, कोणी थंडी लागली म्हणतो, कोणी म्हणतो मशीनवर बसून बसून असे होतेच. खरे तर या पोत्यात दोन अगदी वेगळ्या जातीचा माल असतो.

पहिली जात कामाच्या ताणाची. दिवसभर ओव्हरलॉकवर मान खाली घालून बसलेल्या माणसाची मान आखडते, कात्री चालवणाऱ्या कटिंग मास्तरच्या अंगठ्याचे मूळ दुखते, रंधा मारणाऱ्या सुताराचे कोपर ठणकते, जड लॉट उचलणाऱ्या हमालाची कंबर धरते. हे दुखणे काम केल्याने वाढते आणि विश्रांतीने उतरते. जुम्म्याच्या सुटीनंतर माणसाला बरे वाटते. त्रास खरा असतो, पण सांधा आतून खाल्ला जात नाही. बसण्याची उंची, हाताची ठेवण, व्यायाम आणि थोडा धीर यांनी ते बरेचसे आटोक्यात येते.

दुसरी जात दाहाची. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. आमवात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो या जातीतला. बायकांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त. तरुण पुरुषांच्या कण्याला धरणारा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसही यातलाच. या जातीची खूण नेमकी उलटी असते. विश्रांतीने दुखणे वाढते आणि हालचालीने सुटते. पहाटे फज्रला उठल्यावर वुजूसाठी नळ फिरवायला बोटे वळत नाहीत, अत्तहियातला बसताना पायाची बोटे दुमडवत नाहीत, आणि कारखान्यात जाऊन तास-दीड तास काम केल्यावर हात मोकळा होतो. माणसाला वाटते, काम केल्याने बरे वाटतेय म्हणजे काही विशेष नाही. तिथेच तो फसतो. कारण औषध न मिळाल्यास हा दाह सांध्याचे कूर्चे आणि हाड पोखरतो, आणि ही झीज बऱ्याच रुग्णांमध्ये पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू झालेली असते. वाकडे झालेले बोट मग कोणत्याही गोळीने सरळ होत नाही.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार सूज सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांच्या आत अशा रुग्णाला तज्ज्ञाने पाहावे आणि ज्यांना दीर्घ आजाराचा धोका आहे त्यांचे मूळ औषध ३ महिन्यांच्या आत सुरू व्हावे. आपल्याकडे ३ महिने तर बाम चोळण्यातच जातात.

दोनशेतला एक

आता हिशेब पाहू. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चाललेल्या कॉपकॉर्ड या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली गेली. त्यांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र साधारण अर्धा टक्का लोकांना होता. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण पाऊण टक्का आले होते.

हे आकडे व्यापाऱ्याच्या भाषेत मांडले तर असे होतात. दोनशे माणसांच्या वस्तीत छत्तीसेक जण दुखते म्हणून सांगतात, आणि त्यात आमवाताचा असतो एक. त्याच्या जोडीला दुसऱ्या दाहक संधिवाताचा आणखी एखादा. बाकीच्यांना मुंबईच्या मोठ्या तज्ज्ञाची गरज नाही. आता हे छत्तीसही जण परळला केईएम रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिले तर त्या एकाचा नंबर कधी लागायचा? आणि छत्तीसही जण घरी बसले तर तो एकही घरीच बसतो. अडचण औषधाची नाही, निवडीची आहे.

संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ज्याला रुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात, तो आपल्या देशात मुळात थोडा, आणि आहे तो मोठ्या शहरात. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, उल्हासनगर ५८. पहाटेची लोकल पकडून परेलला उतरायचे, केस पेपर काढायचा, संध्याकाळी परत यायचे. एक दिवसाची मजुरी गेली, आणि सोबत आलेल्या भावाची किंवा बायकोची दुसरी. सुजलेल्या गुडघ्यांनी गर्दीच्या लोकलमध्ये चढणे ही वेगळी शिक्षा. इतके करून पोहोचल्यावर "तुम्हाला फक्त व्यायामाची गरज आहे" असे ऐकावे लागले, तर तो माणूस पुन्हा जात नाही आणि शेजाऱ्यालाही जाऊ देत नाही.

म्हणून छाननी गावातच व्हायला हवी. ती कोण करणार?

दुसरीकडे काय झाले

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हाडांच्या बाह्यरुग्ण विभागांत एक प्रयोग सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडे आलेल्या रुग्णांच्या लांबलचक यादीतल्या पुष्कळांना शस्त्रक्रिया लागतच नाही, असे दिसत होते. तेव्हा अनुभवी फिजिओथेरपिस्टला आधी रुग्ण तपासायला बसवले. ज्याला खरोखर सर्जन हवा त्याला पुढे पाठवायचे, बाकीच्यांवर स्वतः उपचार करायचे. पुढे तीच रीत संधिवाताच्या विभागांत गेली. कॅनडात टोरांटो येथे २००५ साली अनुभवी फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि परिचारिकांना संधिवाताचे प्रगत शिक्षण देणारा खास अभ्यासक्रम सुरू झाला. तिथल्या विमेन्स कॉलेज हॉस्पिटलमधून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तज्ज्ञाकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांची आधीच छाननी केली तर दाहक संधिवाताच्या रुग्णाला ठरलेल्या मुदतीत तज्ज्ञ भेटू शकतो. यात काही जादू नाही. रांग तेवढीच असते. कोणाला पुढे घ्यायचे ते जाणकार माणूस ठरवतो, एवढेच.

फिजिओथेरपिस्टच का? कारण हात लावून सांधा तपासणे हेच त्याचे रोजचे काम. सूज हाडाची आहे की मऊ, अस्तराची आहे, हे बोटांना कळावे लागते. शिवाय त्याच्याकडे वेळ असतो. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरला प्रत्येक रुग्णामागे पाच मिनिटे मिळणे मुश्कील. फिजिओथेरपिस्ट अर्धा तास रुग्णासोबत असतो, आणि माणूस पाठ शेकून घेता घेता जे बोलतो ते डॉक्टरसमोर बोलत नाही.

आपल्याकडे हा व्यवसाय नवा नाही, हेही सांगायला हवे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पोलिओची साथ आली, आणि त्या पार्श्वभूमीवर १९५२ साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. देशातली ही पहिली शाळा. त्याच रुग्णालयात दोन वर्षे आधी, १९५० साली, कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती. हाताला पुन्हा कामाला लावणे हा त्या शास्त्राचा गाभा, आणि कारागिराच्या दृष्टीने तर तेच सर्वांत जवळचे शास्त्र. पण ते आपल्या मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नाही. कायद्याचे म्हणाल तर २०२१ च्या केंद्रीय कायद्याने, जो परिचारिका व डॉक्टर सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठी आहे, फिजिओथेरपिस्टला स्वतंत्रपणे तपासणी व उपचार करण्याची मान्यता दिली आहे. औषधे लिहून देण्याचा अधिकार मात्र त्याचा नाही. त्याने लिहून द्यायची ती चिठ्ठी.

पैसे कशाचे द्यायचे

आता व्यापारी वाचकांना सहज कळेल अशी गोष्ट. आपल्या भागातले फिजिओथेरपिस्ट बैठकीवर पैसे घेतात. दहा बैठका, पंधरा बैठका, प्रत्येक वेळी शेक, करंट, व्यायाम. यात गैर काही नाही, त्यांचाही भाड्याचा गाळा असतो. पण या पद्धतीत एक खोट आहे. दाहक संधिवाताचा रुग्ण पहिल्याच दिवशी ओळखून मुंबईला पाठवला, तर फिजिओथेरपिस्टचे दहा बैठकांचे उत्पन्न गेले. प्रामाणिक माणूस तरीही पाठवतो, आणि असे प्रामाणिक पुष्कळ आहेत. पण जो धंदा प्रामाणिकपणाची शिक्षा देतो तो फार दिवस नीट चालत नाही, हे बाजारात बसलेल्या माणसाला सांगायला नको. टोरांटोच्या किंवा ब्रिटनच्या रुग्णालयात बसणारा फिजिओथेरपिस्ट पगारी असतो. रुग्ण राहिला काय, गेला काय, त्याच्या खिशाला फरक पडत नाही.

यावर उपाय अवघड नाही. तपासणीचे पैसे वेगळे आणि बैठकीचे वेगळे ठरवावेत. "मला शेक नको, आधी नीट तपासा आणि मला कुठे जायला हवे ते लिहून द्या" असे रुग्णाने म्हणावे आणि त्याचे पैसे खळखळ न करता द्यावेत. आपल्याकडे हाताला काही यंत्र लावले तरच पैसे वसूल झाले असे वाटते. मालाची पारख करणाऱ्या दलालाला आपण दलाली देतो, मग दुखण्याची पारख करणाऱ्याला का देऊ नये?

कारखानदारांनी आणि बाजारपेठेच्या संघटनांनी एक पाऊल पुढे जावे. महिन्यातून एक दिवस ठराविक मानधनावर एखाद्या नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टला बोलवावे आणि सगळ्यांचे हात बघून घ्यावेत. एका गल्लीतले दहा-बारा छोटे कारखाने मिळून हे करू शकतात. समजा, एका तयार कारागिराची रोजची कमाई ७०० रुपये आहे. आठवडाभर तो आला नाही तर त्याचे ४,००० च्या वर जातात, आणि शेठची ऑर्डर अडकते ती वेगळीच. जीन्सची बाजूची दुहेरी शिलाई मारणारा हात रोज नवा मिळत नाही. या हिशेबात एका दिवसाचे मानधन किरकोळ आहे. आणि ज्या कामगारांचा ईएसआयमध्ये हप्ता भरला जातो, त्यांना आजारपणात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद त्या योजनेत आहे. हप्ताच भरला नसेल तर अर्थातच काही नाही. या मुद्द्यावर आपल्या काही कारखानदार बांधवांचे वर्तन अभिमान वाटावा असे नाही, हे इथे लिहिणे भाग आहे.

फिजिओथेरपिस्ट निवडताना एवढे पाहावे, की त्याच्याकडे फिजिओथेरपीची पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे. मालिश करणारा, हाड बसवणारा, किंवा लाल दिव्याचे मशीन घेऊन बसलेला प्रत्येक जण फिजिओथेरपिस्ट नसतो.

चिठ्ठीत काय असावे

मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा "सांधेदुखी, कृपया पाहावे" एवढेच असते. अशा चिठ्ठीवरून कोणाला पुढे घ्यायचे ते कोणालाच कळत नाही. चांगल्या चिठ्ठीत दुखणे कधी सुरू झाले त्याचा महिना असतो. सकाळी हात जखडलेला किती मिनिटे राहतो हे असते. अर्ध्या तासाहून जास्त असेल तर ती धोक्याची खूण. कोणकोणते सांधे सुजले आहेत, विशेषतः बोटांच्या मुळाचे, मनगटाचे आणि पायाच्या बोटांचे, आणि दोन्ही बाजूंना सारखे आहे का, हे असते. हात मिळवताना दाबल्यासारखे बोटांच्या मुळांवर आडवे दाबले तर कळ येते का, हे असते. तरुण माणसाच्या कंबरेबद्दल लिहिताना, पहाटे दुखण्याने जाग येते का आणि चालल्यावर बरे वाटते का, हे असते. ताप, वजन घटणे, अंगावर चट्टे, डोळे लाल होणे, पूर्वी झालेला क्षय, मधुमेह, हेही लिहावे. बाईमाणसाच्या चिठ्ठीत ती गरोदर आहे का किंवा मूल व्हावे असा विचार आहे का, हे लिहिणे फार जरुरीचे, कारण या आजाराची काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. परक्या माणसासमोर हे बोलायला संकोच वाटत असेल तर स्त्री फिजिओथेरपिस्ट शोधावी. या व्यवसायात मुली मोठ्या संख्येने आहेत.

आणि एक रकाना खाऊन झालेल्या औषधांचा. तो सर्वांत महत्त्वाचा. कारण कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या, दोन दिवसांत आराम पाडणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. सूज उतरते, माणूस खूश होतो, तपासणीत काही दिसत नाही आणि आत हाड पोखरले जातच राहते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या एकदम बंद करणेही धोक्याचे, म्हणून पुडी फेकून न देता सोबत न्यावी आणि दाखवावी.

रक्ताच्या तपासणीबद्दल दोन शब्द. "आरए टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे आमवात नाही" हा समज चुकीचा. निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो, आणि पॉझिटिव्ह असूनही नसू शकतो. क्षयात किंवा काविळीच्या काही प्रकारांतही ती पॉझिटिव्ह येते. ब्रिटनमधल्या अधिकृत मार्गदर्शनात तर स्पष्टच म्हटले आहे, की सूज टिकून असेल तर रक्ताचे अहवाल चांगले असले तरी रुग्णाला लवकर पाठवावे. त्यामुळे लॅबच्या महागड्या पॅकेजवर पैसे घालण्याआधी हात तपासून घेणे स्वस्तही पडते आणि उपयोगीही ठरते.

काही दुखणी मात्र छाननीसाठी थांबवायचीच नाहीत. एकच सांधा अचानक लाल, गरम आणि टम्म झाला, सोबत ताप आला, तर तो पू झालेला सांधा असू शकतो. त्याला महिन्याच्या शिबिराची वाट पाहायला लावू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. उल्हासनगरला कॅम्प ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. चिकुनगुन्यानंतरचे सांधे हाही वेगळा विषय. २००६ च्या साथीत महाराष्ट्रातल्या हजारो माणसांनी ते भोगले. ते बहुधा हळूहळू उतरतात, पण तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर त्या माणसाचे नाव पुढच्या यादीत घ्यावे.

फिजिओथेरपिस्टचीही पारख चुकू शकते. म्हणून ज्याला "तुम्हाला मुंबईची गरज नाही" असे सांगितले, त्याला सहा आठवड्यांनी पुन्हा बोलवायलाच हवे. आज साधा ताण वाटणारे मनगट महिन्याभराने दोन्ही बाजूंनी सुजलेले दिसू शकते. वहीत नाव आणि तारीख टाकून ठेवली की हे सोपे होते. कारखान्यात लॉटची वही असतेच, तिच्यातच दोन पाने वेगळी काढावीत.

एकदा तज्ज्ञाने निदान केले की मग मुंबईच्या खेपा फारशा राहत नाहीत. आमवाताचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. जुने आणि मानाने स्वस्त. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, म्हणून घरातल्या कोणीतरी आठवड्याचा एक वार पक्का ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. दरम्यान रक्त आणि यकृताच्या तपासण्या गावातल्या लॅबमध्ये होतात, अहवाल घेऊन ठरल्या तारखेला तज्ज्ञाकडे जायचे. बोटांचे व्यायाम, मनगटाला आधार देणारा पट्टा, कात्रीची मूठ जाड करून घेणे, खुर्चीची उंची बदलणे, ही सगळी कामे पुन्हा त्याच गल्लीतल्या फिजिओथेरपिस्टची. तेव्हा त्याच्या बैठकांचे पैसेही वसूल होतात.